साडे

नोव्हेंबरात तीन दिवस टाकी अर्धवट भरली
आणि चौथ्या दिवशी खैरनार काकू जिन्यात भेटल्या,
हातात रिकामी बादली, पुरावा म्हणून.
"तुमच्या त्या डब्याला सांगा,
पाणी साडेपाचला येतं. सहाला नाही."

डबा म्हणजे आइस्क्रीमचा जुना डबा.
आत नखाएवढी चिप, एक रिले,
झाकणाच्या भोकातून हिरवी लुकलुक.
पवननगरच्या आमच्या सोसायटीला वॉचमन परवडेना
तेव्हा मीच म्हणालो होतो, मोटार आपोआप चालू होईल.
आपोआप हा शब्द तेव्हा मी फार सहज वापरायचो.

अंबडला मी गेज तपासतो.
मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला
की लाल शिक्का मारतो, कुणाचं ऐकत नाही.
आणि घरी, माझ्याच डोक्यावरच्या गच्चीत,
रोज अर्धा तास गहाळ.

रिले बदलला. वायर बदलली.
बच्छाव इलेक्ट्रिशियन म्हणाला, कपॅसिटर गेलाय.
कशावरही तो हेच म्हणतो.
मग सेकंड शिफ्ट करून आलो की
गच्चीवर, मफलर बांधून, लॅपटॉप मांडीवर,
कारण तेवढाच एक गरम होता.
प्रत्येक ओळीनंतर प्रोग्रामला लिहायला लावलं:
इथवर आलो.
इथवर आलो.
इथवर आलो.
तो प्रामाणिकपणे सगळीकडे येत होता,
फक्त उशिरा.

चूक माझ्या ओळींत नव्हती.
(हे कळल्यावर झालेला आनंद
मी बायकोपासून लपवला.)
वेळ सांगणारी लायब्ररी फुकटची, कुणीतरी लिहून
जगासाठी उघडी ठेवलेली. त्याचं नाव मला धड उच्चारता येत नाही.
तिची नवी आवृत्ती मीच हौसेनं चढवली होती.
तिला मी म्हणत होतो, आमचं घड्याळ साडेपाच तास पुढे.
ती दशांशचिन्हापाशी येऊन थांबत होती
आणि पाच घेऊन परत जात होती.
शेजारी त्याचीच टीप: तास पुरेत.

मी दुरुस्ती लिहिली. चिन्ह दिसलं की तीस मिनिटं मिळव.
दोन ओळी. पाठवून दिल्या.
माझी पहिलीच. रात्री दीड वाजता एकट्यानं चिवडा खाल्ला.

अकरा दिवसांनी त्याचं उत्तर आलं:
आभार. माझ्या देशात अर्धा तास नसतो.

त्याखाली नेपाळहून, ललितपूरचा कुणी शाक्य,
अगदी नम्रपणे:
तुमच्या दुरुस्तीनं आमचं घड्याळ
पंधरा मिनिटं मागे पडलंय.
आम्ही जगाच्या पावणेसहा तास पुढे आहोत.
माझा डबा खुराड्याचं दार उघडतो.
कोंबड्या आतून चोच मारतायत.

पावणेसहा.
माझ्या भाषेत सव्वा आहे, दीड आहे, अडीच आहे,
भाजीवाल्याशी मी पावणेदोन किलो बोलतो,
आणि लिहायला बसलो तेव्हा
मला फक्त माझं साडे आठवलं.
लाल शिक्का असता हाताशी
तर स्वतःच्या कपाळावर मारला असता.

पुन्हा लिहिलं. या वेळी सगळंच मिनिटांत.
शाक्यनं तपासलं, त्या दुसऱ्यानं सामावून घेतलं,
टीप मात्र खोडली नाही,
तास पुरेत च्या पुढे फक्त लिहिलं: वाटलं होतं.

आज पहाटे गच्चीवर उभा होतो.
आठ अंश असेल. पाइपला हात लागला तर चटका बसावा असा गार.
पाच एकोणतीस.
मग रिलेचा तो बारीक टक्,
मोटारीचा घोगरा घसा,
पाइपातून आधी नुसती हवा, खोकला,
आणि पाणी.

खाली काकूंच्या स्वयंपाकघरात दिवा लागला.
त्या काही बोलायच्या नाहीत.
पाणी आल्यावर कोण बोलतं.

तिकडे आत्ता पावणेसहा.
कोंबड्या बाहेर आल्या असतील.