खंड दोन, उपखंड (छ)

सर्किट हाऊसच्या हॉलमध्ये समिती बसली
साडेदहाला, म्हणजे पावणेबाराला.
गणपूर्तीला एक सदस्य कमी होता
आणि तो अंबाबाईच्या रांगेत होता.

मी लघुलेखक.
जे बोललं जाईल ते उतरवायचं,
खोकला सोडून.

विधेयक क्रमांक एकोणचाळीस.
पहिल्या वाचनात नुसतं नाव घेतात, बारशासारखं.
मग कुणीतरी उठून म्हणतं, घाई नको,
आणि ते समितीच्या ओटीत पडतं,
जिल्हे फिरतं, साक्षी ऐकतं,
दर अधिवेशनात मुदतवाढ मागतं.

साक्षीदार सात : हौसाबाई सातपुते, सुभाषनगर.
पिशवीतून एकच चप्पल काढून तिनं टेबलावर ठेवली,
पाण्याच्या बाटल्या आणि नावाच्या पाट्यांमध्ये.
अध्यक्षांनी बाटली जरा बाजूला घेतली.
‘तुमच्या कागदात लिवलंय,’ ती म्हणाली,
‘“कारागीर” याचा अर्थ, चामडे कापणारी आणि
पादत्राण शिवणारी व्यक्ती, असा आहे.
कापायचं काम आमच्यात गड्यांचं.
मी शिवतो. वेणी घालतो. गोंडा लावतो.
चाळीस वर्सं झाली, रापी हातात धरली न्हाई.
मग मी कोन?’

कुणी बोललं नाही. पंखा बोलत होता,
तो मी उतरवला नाही.

विधी विभागाचे देशिंगकर चष्मा पुसत म्हणाले,
‘“आणि”चं “किंवा” केलं तर लाभार्थी दुप्पट.
वित्तीय ज्ञापन नव्यानं करावं लागेल.’
‘करा की,’ हौसाबाई म्हणाली,
‘मी कुटं नको म्हणतो?’

मुंबईत टंकलिखित प्रत तपासून आली.
लाल शाईनं ‘शिवतो’चं ‘शिवते’,
‘घालतो’चं ‘घालते’.
मी कक्ष अधिकाऱ्यांना म्हणालो,
साहेब, आमच्याकडं बायका असंच बोलतात,
माझी आई मला ‘मी आलो’ म्हणूनच हाक देते.
ते म्हणाले, अभिलेख शुद्ध पाहिजे.

खंडवार चर्चा तीन बैठका चालली.
पाच विरुद्ध चार :
‘आणि’ या शब्दाऐवजी
‘किंवा’ हा शब्द दाखल करण्यात यावा.
सोबत भिन्नमतपत्रिका एक, पृष्ठे अकरा.
अहवाल पटलावर ठेवला
अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी.
त्यानंतर राष्ट्रगीत.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा
सुभाषनगरात चप्पल शिवायला टाकली.
तिनं मला ओळखलं. ‘तुमी ते खाली मान घालून लिवणारे.
आमचं किंवा कुटपतूर आलं?’
म्हटलं, पटलावर आहे.
‘म्हंजे?’
म्हंजे टेबलावर.
‘कुनी उचलंना व्हय?’
मी काय सांगणार.
तिसरं वाचन अजून बाकी,
मग दुसरं सभागृह,
मग सही, मग राजपत्र,
आणि मध्येच सभागृहाची मुदत संपली
तर सगळंच व्यपगत.
हा शब्द तिला सांगितला नाही.

तिनं जुना पेपर अंथरला.
‘हुबं ऱ्हावा.’
पेन्सिल टाचेपासून निघाली,
करंगळीच्या बाकाला वळली,
उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा निघाला,
तसाच काढला.