कापडपेठेतलं मोजमाप

टेपचं एक टोक वाघमोडे धरतो, दुसरं मी.
सांगलीतला पूर ओसरून अडीच महिने झालेत,
पायगोंडा भांडाराच्या भिंती अजून
कंबरेपर्यंत ओल्या.
महापालिकेचा तक्ता गुडघ्यावर ठेवून मी लिहिते :
खांब ते खांब, चार पूर्णांक सत्तावन्न.
जिन्याची रुंदी, एक त्र्याऐंशी.
उंची, सहा चाळीस.
एकही आकडा धड नाही.
गवंडी अडाणी असणार, वाघमोडे म्हणतो.

खाली लुगडी, मधे छत्र्या नि कंदील,
वर शाळेचे गणवेश, असं होतं म्हणे.
छताखालची तार अजून ताणलेली आहे
काउंटरपासून सज्जापर्यंत.
तिच्यावरून लाकडी डबी धावायची
पोटात पावती आणि दहाची नोट घेऊन,
आणि सज्जातला जिनगोंडा
मोड भरून ती उतारावर सोडायचा.
पोरं कापडाला नव्हे, डबी बघायलाच यायची.
आता तारेवर कोळिष्टकं.

सागवानी काउंटरच्या कडेला
पितळेचा गज ठोकलाय,
मधल्या खुणा बोटांनी खाल्लेल्या.
सहज टेप लावली.
एक्क्याण्णव, वर थोडं.

मग जिन्यातच बसून गणित केलं.
चार सत्तावन्न म्हणजे पाच वार.
जिना दोन.
उंची सात.
बाळगोंडा अण्णांनी दुकानातलाच गज
गवंड्याच्या हातात दिला असेल :
घे, यानं बांध.

बाहेर पळाले. दर्शनी भिंतीवर चुन्याचे मोर,
त्यांच्या गळ्याशी मोबाइल दुकानाचा फ्लेक्स,
तळाशी दोन पुरांच्या दोन रेघा,
धुऊनही न गेलेल्या काठासारख्या.
वाघमोडे, नीट ताण.
आठ पंचवीस.
नऊ वार म्हणजे आठ तेवीस हवे होते.
पुन्हा मोजलं. पुन्हा
दोन सेंटिमीटर जास्तच.

ओट्यावर तवनाप्पा काका
भिजलेल्या वह्यांची पानं उन्हात सुटी करत होते.
चाळीस वर्षं इथंच लुगडी फाडली त्यांनी.
मान वर न करता
अंगठ्यानं हवेतलं कापड दाबून धरलं :
"नऊ वार फाडलं की बोटभर जास्त सोडायचं, बाई.
गिऱ्हाईक घरी जाऊन मोजतंय की."

तक्त्यात शेऱ्याचा रकाना अर्ध्या इंचाचा.
वाघमोडेनं त्याचं टोक सोडलं,
टेप सर्रकन धावत आली माझ्याकडे,
रिकामी.