तिसरा रकाना

नेब्रास्काच्या पश्चिमेला एक काउंटी,
माणसांपेक्षा तिथं पवनचक्क्या जास्त.
मतदार तेवढे सगळे
व्हर्ना ओल्सॉव्स्कीला चेहऱ्यानं ठाऊक;
कुणी गेलं की ती आधी जेवणाचा डबा पोचवते,
मग यादीतलं नाव खोडते.

चार तास पूर्वेला, मांस-कारखान्याच्या गावात
तक्ता अडखळतो.
एकूण माणसं: भरपूर.
अठराच्या वरची: तीही पुष्कळ.
अठराच्या वरचे नागरिक:
इथं आकडा एकदम खाली बसतो,
खुर्ची मागे ओढल्यासारखा.

एउलालिया त्या वजाबाकीत राहते.
बावीस वर्षं.
सुरी धरून धरून बोटं वळत नाहीत आता.
कर भरते, दारापुढचा बर्फ ओढते,
शिरगणतीच्या बाईला कॉफी देते.
मोजतात तिला. विचारत नाहीत.

आज एल्मेरला अठरा लागलं.
इथलाच जन्म, गारांच्या रात्रीचा.
केक तसाच ठेवून तिनं त्याला कचेरीत नेलं,
तो सही करताना खांद्यामागून वाकून
अक्षर अन् अक्षर बघत राहिली,
वाचता येत नसलं तरी.

तिसऱ्या रकान्यात एक वाढला.
नकाशावरचा रंग होता तोच.
गाडीत बसताना एल्मेर म्हणाला,
भूक लागलीये.