टॅगवरचा मजकूर

अक्कलकोट रोड एमआयडीसी, गाळा नंबर चव्वेचाळीस.
मी इथे टॅग लिहिते.
चाळीस शब्दांत शांती बसवायची, असा हुकूम आहे.

पूर्वी आम्ही टॉवेल धाडायचो,
हॉटेलांचे, पांढरे.
आता तेच सूत, तोच पन्हा,
लांबी फक्त माणूस आडवा होईल एवढी.
नाव आसन. भाव अडीचपट.

मी लिहिते: ‘ध्यानमग्न हातांनी विणलेले.’
भिंतीपलीकडे चोवीस माग खडखडत असतात.
लिहिताना मी कानात कापूस घालते,
मेडिकलमधला.

मार्चात फ्रायबुर्गहून ॲनेग्रेट आली.
तिच्याकडे रोज पहाटे दोनशे माणसं
आमच्या सोलापूरवर बसून श्वास मोजतात, म्हणाली.
तिला विणणारा बघायचा होता.
मालकांना घाम फुटला.
हातमाग एकच उरलाय, ऑफिसात,
त्यावर फायली ठेवतात.

मी तिला सरळ यल्लय्यामामांकडे नेलं.
चार मागांच्या मधे, बनियनवर,
डावा कान कधीच गेलेला,
उजवा जायच्या बेतात.

विणताना मनात काय असतं, तिनं विचारलं.
मी ते मराठीत ओरडले,
त्यांच्या पुतण्यानं तेलुगूत, उजव्या कानाशी.
मामा म्हणाले, ‘दोन नंबरला धागा तुटलाय.’
आणि गेले.
खरंच तुटला होता.

ऐकू येत नाही, मग कळलं कसं?
मामांनी अनवाणी पाय उचलून
तळवा दाखवला. काळा, सुतानं माखलेला.
फरशीतून येतं म्हणाले.

दुपारी त्यांच्या घरी कडक भाकरी, शेंगाचटणी.
राजव्वा सुपापुढे मांडी घालून विड्या वळत होत्या,
हजार झाल्याशिवाय उठत नाहीत,
उठल्या की गुडघे उठत नाहीत.
काय बैठक आहे, ॲनेग्रेटनं हात जोडले.
‘हिला बसायचे पैसे मिळतात?’
नाही, लोक हिला देतात. बसायला शिकवते म्हणून.
राजव्वा इतक्या हसल्या
की सुपातली तंबाखू उडाली.
मग ॲनेग्रेटही हसली, न कळता.

संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठी
ती म्हणाली, नवरा गेल्यापासून
घरात फ्रीज बंद झालेलाही ऐकू येतो.
मोजायला श्वासच होता, म्हणून मोजू लागले.

मी काय बोलणार?
कणसं भाजत होती एक बाई, त्यातलं एक घेतलं, अर्धं तिला.

दुसऱ्या दिवशी ती मागांमध्ये वीस मिनिटं उभी राहिली,
कानातले बोळे काढून, बूट काढून.
कुणाला काही विचारलं नाही.

मी नवा टॅग लिहिला:
‘धागा तुटला की ज्याच्या तळव्याला कळतं, त्यानं विणलेलं.’
मालक म्हणाले, तळवे बिळवे नकोत. जुनाच गेला.

पण दोन नंबरवरचं ते गाठीचं आसन
सेकंड मालात पडलं होतं,
ते मी उचलून गठ्ठ्यात सरकवलं.
फ्रायबुर्गात कुणाच्या तरी
टाचेखाली येईल.