शेड

तुर्भ्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये
टायवाल्या मुलाने कागद माझ्याकडे वळवला :
पाच लाख चाळीस हजार. करांसहित.
गाडी विकली तर येतील एक लाख दहा.
मी विचारलं, चहा मिळेल का.
त्याने मशीन दाखवलं.

आठ वर्षं दात पोचवते ही गाडी.
म्हणजे मी घडवते, कोपरखैरण्याच्या गाळ्यात,
मेणात कोरून, भट्टीत भाजून,
आणि ती नेते वाशी, नेरूळ, पार ठाण्यात नौपाड्यापर्यंत.
शेजारच्या सीटवर डब्या, डब्यांवर पेशंटची नावं,
वरून सीटबेल्ट.
आधी एकशे दहा किलोमीटर जायची.
मग नव्वद. मग एसी बंद ठेवून सत्तर.
या मार्चात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली
बारा टक्क्यांचे एकदम दोन झाले
आणि एका आजोबांची वरची कवळी
मी रिक्षाने पाठवली.

रबाळ्यात, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
पावडर कोटिंगवाल्याला लागून परकारांची पत्र्याची शेड.
त्यांनी गाडी वर घेतली, कोपरापर्यंत रबरी मोजे चढवले,
पोटातली पेटी ट्रॉलीवर उतरवली.
मग जागृती, आयटीआयची, दिवाळे गावची,
मीटरची टोकं टेकवत बोलत गेली
आणि ते वहीत लिहीत गेले :
तीन पॉइंट सहा. तीन पॉइंट सहा. तीन पॉइंट सहा.
दोन पॉइंट नऊ.
ती थांबली. पुसून पुन्हा टेकवलं.
दोन पॉइंट नऊ.

शहाण्णवांत नऊ.
"बाकीचे धड आहेत. पण एका रांगेत लावलेत ना,
जो सगळ्यांत आधी बसतो
त्याच्याबरोबर सगळ्यांना बसावं लागतं."
आमच्या घरातलं कोण कोण आठवलं
ते इथे लिहीत नाही.

म्हणजे किडलेत नऊ दात
आणि तो टायवाला जबडा बदला म्हणत होता!

मी म्हटलं, घाला मग नऊ नवे कोरे.
परकारांनी मान हलवली.
"नवा जुन्यांत सुखी राहत नाही, मॅडम.
हे दमले तरी त्याला पळायचं असतं.
याच वयाचे शोधावे लागतील."

हे मला सांगतायत.
मला, जी शेडगाइड घेऊन माणसांना
खिडकीकडे तोंड करून बसवते,
कारण सत्तरीच्या तोंडात पांढराशुभ्र दात बसवला
की माणूस हसताना हात आडवा धरतो.
त्याच्या चहाचा, त्याच्या पानाचा,
तंबाखू सुटली त्या सालाचा
नेमका पिवळा जुळवावा लागतो.

तीन आठवडे लागले.
पनवेलकडे मागून ठोकलेली एक गाडी निघाली,
आमच्याच वर्षाची, पोट शाबूत.
बासष्ट हजार, मजुरी धरून.
सहा महिन्यांची गॅरंटी, पावतीच्या पाठीवर, पेनाने.
"नव्यासारखी होणार नाही," त्यांनी तीनदा बजावलं.
काढलेले नऊ कुठे जातील, मी विचारलं
(काही पेशंट आपला दात रुमालात बांधून मागून नेतात).
चार मेलेले, ते रिसायकलवाल्याच्या ड्रमात.
पाचांना अजून धुगधुगी :
त्यांनी वर बोट केलं.
तसल्याच आधीच्या कुणाकुणावर
एक छोटा पंखा फिरत होता,
जागृतीच्या वहीची पानं उलटवत.

आता ब्याऐंशी जाते.
विटाव्याच्या पुलाखाली श्वास धरला मी उगाच.
टक्के एकेक करून उतरले,
कठडा धरून जिना उतरणाऱ्यासारखे.
नौपाड्यात त्याच आजोबांची खालची कवळी होती.
डॉक्टर धामणकरांनी बसवली, म्हणाले, चावून बघा.
आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं,
काहीच सापडेना,
मग हवाच चावली,
दोनदा,
नीट.