मधली पिन

अजून कॅमेऱ्याला सांगितलेलं नाही.
बॅगेत तो नेहमीच्या जागी, लेन्सच्या कुशीत,
आणि मी जेल रोडवर हातिमभाईंच्या काउंटरशी
आवाज खाली करून विचारतेय,
असा फ्लॅश दाखवा, जो उद्या
दुसऱ्या कंपनीच्या डोक्यावरही बसेल.

जुना रामबागेत गेला,
तेलंगांच्या मुलीच्या लग्नात,
अंतरपाट खाली यायच्या अर्धा क्षण आधी.
जळक्या प्लॅस्टिकचा वास,
मग नुसताच पडणाऱ्या अक्षतांचा आवाज.
त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं ते
माझ्याकडे करड्या, भुरभुरीत दाण्यांत आहे.
तेलंगांनी पैसे पूर्ण दिले.
तेच जास्त लागलं.

खांदा मात्र दोन वर्षांपासून.
डॉक्टर मोघे म्हणाल्या, वजन कमी करा.
मी म्हटलं, माझं?
त्या म्हणाल्या, गळ्यातलं.
म्हणून आरसा नसलेला, हलका,
दुसऱ्या घरचा कॅमेरा, पुढच्या दिवाळीत,
साठले तर.
लग्नं काही थांबायची नाहीत,
तुळशीचं लागलं की दुसऱ्या दिवसापासून सुरू.
मधल्या या एका वर्षापुरता
उजेड कुठल्या घरून आणायचा?

हातिमभाई दोन डबे ठेवतात.
पहिला माझ्याच कंपनीचा.
पायाशी पाच पिना, एक मधली, चार कडेच्या,
कडेच्या फक्त घरच्यांशी बोलणाऱ्या.
कॅमेरा पुटपुटतो, हा ऐकतो,
किती उजेड ते आपसांत ठरवतात.
मी बोट दाबायचं.
बारा वर्षं हेच चाललंय,
एकदाही विचारलं नाही, किती दिलास, का दिलास.

दुसऱ्याच्या पायाशी एकटी मधली पिन.
तिला एकच शब्द येतो,
आत्ता.
तेवढा सगळ्यांना कळतो.
बाकीचा हिशेब माझा.

बाहीनं डब्यावरची धूळ पुसत हातिमभाई म्हणतात,
"बेन, रिश्ता तोड़ना है तो नए गहने मत बनवाओ."
तोडायचं नाहीये हो, मी म्हणते, खांदा दुखतो.
"वही तो," म्हणतात,
आणि पावती फाडतात दुसऱ्या डब्याची,
निम्म्याहून कमी पैशांची.

रात्री वहीत आकडे.
अठ्ठावन्न भागिले अंतर.
पाच मीटरला अकराच्या जरा पुढे.
अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई.
वैशंपायनकाका असेच पावलं मोजत फिरायचे मांडवात,
ओठ हलायचे,
आम्हा पोरांना वाटायचं मंगलाष्टकं म्हणताहेत.

भाची शाल्मली पोहे खातेय, तिच्यावर पहिला प्रयोग.
पहिल्या फोटोत बशी पांढरीफटक,
शेव उजेडानं खाऊन टाकलेली.
दुसऱ्यात फ्लॅशची मान वर छताकडे केली,
तर छत आमचं पिस्ता रंगाचं,
पोरगी कैरीसारखी दिसायला लागली.
"आत्या, मी आजारी आहे का?"
समोरच्या गच्चीतून लोखंडेबाई,
"काय गं, वीज चमकून राहिली का?"
तिसऱ्यांदा दोन पावलं मागे सरले,
बटण दोनदा खाली, चौथाई ताकद,
भिंत जवळ घेतली आणि उजेड तिच्यावरून आणला.
आता नाकाच्या शेंड्यावरचं जिरावणसुद्धा
कण न् कण मोजता येतं.

जुन्यानं नव्याला निमूट डोक्यावर घेतलंय.
त्याला वाटत असेल, त्याच्यासाठीच आणला.
पकडीचं रबर सोलवटलंय,
त्यात माझ्या अंगठ्याचा खळगा,
अंगठा आपोआप तिथंच जातो.
सांगेन.
सीझन संपू दे.

नवा बारीक शीळ घालत भरत राहतो,
मग लाल ठिपका लागतो.
तयार आहे म्हणे.