रकाना अकरा

घणसोली, सेक्टर सात. दुपारचे तीन.
चौथा मजला आधी, मग खाली उतरत यायचं.
रकाना अकरा: इथे येण्याचं कारण.

चारशे तीनमध्ये पाटणचे माथाडी,
गुडघ्याला पट्टा, आवाज अजून मार्केटातला:
‘कांदा, बाई. कारण कांदा.’
मी लिहिते, नोकरी.

मग बायका. सासवडची लग्न, सिवानची लग्न.
त्रिशूरची लिसीम्मा नोकरीसाठी आली,
नवरा तिच्यामागून. त्याच्यापुढे ‘लग्न’ लिहिलं
तेव्हा तो हसला, मग जरा कमी हसला.

जिन्याखाली खाट, खाटेवर डंबरबहादूर.
घर क्रमांक?
‘बिल्डिंगला आहे ना,’ तो म्हणतो.

गावठाणात पोशीबाय मढवी सुकट निवडत बसलेली.
कधीपासून राहता?
‘आमी नाय आलो, बाय.
मी हलली नाय, पत्ता हलला.’
आणि मूठभर सुकट कागदात बांधून देते.

शेवटचं दार. उर्मिला पाणिग्रही, संबलपूर,
वय एकोणचाळीस, एकटी.
‘समुद्र पाहायचा होता.’
इथे तर खाडी आहे.
‘हो, ते आल्यावर कळलं.’
‘इतर’ लिहिलं. पेन फार दाबलं नाही.

माझा स्वतःचा तक्ता सकाळीच भरून झालाय.
कारण: लग्न.
रात्री सुकटीचा वास लागलेल्या पिशवीतून
तो पुन्हा काढते. खोटं काहीच नाही.
पण उदगीरच्या स्टँडवर, हळदीच्या हातांनी,
खिडकीची जागा मी भांडून घेतली होती.
त्याला कुठला अंक द्यायचा, सूचनापुस्तिकेत शोधते.
पान एकेचाळीस. पान बेचाळीस.